‘कामाचा अनुभव’ या रकान्यात काय लिहू?

वाचक भगिनी धाराशिव जिल्ह्यातल्या, वय ३१. बारावीनंतर घरच्या अडचणीमुळे त्या हमरस्त्यालगतच्या एका कला केंद्रात, म्हणजे लावणीच्या परवानाधारक रंगमंचावर, संगीत बारीच्या पार्टीत दाखल झाल्या. २०१३ पासून मार्च २०२० च्या टाळेबंदीपर्यंत तिथे गायल्या, नाचल्या. शेवटची चार वर्षं अकरा जणांच्या पार्टीचा हिशोबही त्यांच्याकडेच होता. केंद्र सुटल्यावर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून २०२३ मध्ये बी.ए. केलं. २०२२ पासून गावातल्या ‘उमेद’च्या (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) बचत गटांचं काम बघतात. मुलगा पाचवीत आहे. आता समाजकार्यात एम.ए. करायचं आहे, पहिली पसंती तुळजापूरच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेला. मावशी म्हणते, “ती सात वर्षं खासगी शिकवणी घेत होते म्हणून लिही, कोण बघायला येतंय?” अभ्यास केंद्रातले एक सर म्हणतात, “सगळं ठळक लिहा, असेच अनुभव त्यांना हवे असतात.” त्या विचारतात: “खोटं लिहिलं तर पकडली जाईन, खरं लिहिलं तर तसली बाई म्हणून बघतील. मग लिहू तरी काय?”

ताई,

तुमच्या लांबलचक पत्रात ‘कला केंद्र’ हा शब्द एकदाच आला आहे. बाकी सगळीकडे ‘तिथं’, ‘ते काम’, ‘तसलं’. अर्जाची अडचण इथूनच सुरू होते. रकाना विचारतोय काय काम केलं, किती दिवस, कुठे. आणि तुम्ही मनातल्या मनात गावाला उत्तर देत बसला आहात. तेव्हा आधी कामाला त्याचं नाव देऊ.

तुम्ही लावणी गात होता, नाचत होता. पार्टी संगीत बारीची, म्हणजे गण, गौळण, बतावणी, वग असा ढोलकी फडाचा पुरा तमाशा नव्हे, तर बायकांच्या गाण्यानाचाची बारी आणि साथीला पेटी, तबला, ढोलकी. लावणीच्या याच परंपरेतल्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. तमाशातल्या ज्येष्ठ कलावंताला राज्य शासन विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. परवाना असलेल्या केंद्रात गाणं-नाचणं हा गुन्हा नाही. पुरस्कारांची नावं घेतल्याने चावडीवरच्या नजरा बदलत नाहीत, हेही खरं. दौलतजादा (गाण्यावर प्रेक्षकांनी उधळलेले पैसे), खासगी बैठका, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) फिटेपर्यंत न सुटणारं माणूस, हे सगळं त्याच जागेत असतं आणि ते तुम्हाला कुणी शिकवायला नको. पण अर्जात तुम्ही केलेलं काम लिहायचं असतं. त्या जागेत काय काय चालायचं याचा जबाब द्यायला तुम्ही कुणाला बांधील नाही.

मावशींचा सल्ला मायेचा आहे, पण तो मानू नका. नीतीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी व्यवहारातही तो टिकत नाही. शिकवणी लिहिली की मुलाखतीत पुढचा प्रश्न ठरलेला: कितवीची मुलं, किती, कोणता विषय, फी काय? सात वर्षांचा अनुभव सांगणारी बाई तिसऱ्या प्रश्नाला अडखळली की संशय सगळ्या अर्जावर जातो, खऱ्या गोष्टींवरसुद्धा. दुसरं असं की बारी बघायला आलेल्यांनी मोबाइलवर घेतलेल्या चित्रफिती कुठे कुठे चढवल्या आहेत हे तुमच्या हातात नाही. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अर्जाच्या शेवटी ‘वरील माहिती खरी आहे, खोटी आढळल्यास प्रवेश रद्द होईल’ अशा अर्थाचं हमीपत्र असतं. ते प्रवेशानंतरही लागू राहतं. दोन वर्षं अभ्यास करून पदवीच्या तोंडावर कुणी तक्रार केली तर? लावणी गायली म्हणून प्रवेश रद्द होत नाही, खोट्या शिकवणीवरून होऊ शकतो.

सरांच्या सल्ल्याचीही मला तितकीच काळजी वाटते. ‘असे अनुभव त्यांना हवे असतात’ या वाक्यात एक सौदा आहे: तुम्ही दुःख द्या, ते जागा देतील. निवड समितीतली माणसं प्रत्येक हंगामात ढिगाने अर्ज वाचतात. नुसत्या हालअपेष्टांनी भरलेला अर्ज वाचून त्यांना वाईट वाटतं आणि ती पुढच्या अर्जाकडे वळतात, कारण ही बाई वर्गात काय वाचेल, काय प्रश्न विचारेल, हे त्यातून कळत नाही. शिवाय ते दुःख एकदा कागदावर गेलं की वर्गातही तुमची ओळख तीच होऊन बसते.

या दोघांच्या मध्ये एक वाट आहे, तिचा तुम्ही विचारच केलेला दिसत नाही: न लिहिणं. तुम्ही लिहिता, ‘सोडून दिलं तर तेही खोटंच ना?’ नाही. परिचयपत्र हे शपथपत्र नसतं, त्यात काय घ्यायचं ते लिहिणारा निवडतो. फॉर्ममध्ये ‘संबंधित अनुभव’ असं विचारलं असेल तर संबंध कशाचा हे तुम्ही ठरवा. ‘आजवरच्या सर्व नोकऱ्या’ असं स्पष्ट विचारलं असेल तरच गाळणं चुकीचं ठरेल. बारावी आणि बी.ए. यांच्यामध्ये मोकळी वर्षं दिसली, तर आपल्याकडे बाईच्या बाबतीत वाचणारा लग्न-मूल असंच धरून चालतो. ज्या बाईला जुन्या जागेतल्या माणसांपासून धोका आहे, किंवा जिला तो विषय काढला की झोप लागत नाही, तिने तो खुशाल गाळावा. वाणिज्य किंवा संगणकाच्या अभ्यासक्रमाला अर्ज असता तर तुम्हालाही मी कदाचित हेच सांगितलं असतं.

पण अर्ज समाजकार्याचा आहे, आणि तुमच्या पत्राच्या चौथ्या पानावर, जणू सहज आठवलं म्हणून, तुम्ही लिहिलं आहे की पार्टीतल्या सात मुलांचे शाळाप्रवेश तुम्ही करून दिले, चौघींची आधार कार्डं आणि बँक खाती काढून दिली, आणि आठवड्याच्या वाटणीवरून होणारी भांडणं वहीत मांडून मिटवायची पद्धत बसवली. ताई, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यात, म्हणजे वर्गाबाहेर लोकांत जाऊन करायच्या कामात, हेच शिकवतात. ते तुम्ही आधीच करून बसला आहात आणि तळटीप म्हणून लिहिता. म्हणून माझं मत: लिहा. किती लिहायचं ते कागदागणिक ठरवा. परिचयपत्रात चार ओळी, हेतूच्या निवेदनात (हा अभ्यासक्रम का करायचा ते सांगणारा कागद) एक-दोन परिच्छेद, मुलाखतीत विचारतील तेवढं.

परिचयपत्र एका पानाचं करा. आपल्याकडचा ‘बायोडाटा’ लग्नाच्या स्थळासारखा असतो: वडिलांचं नाव, जात, वैवाहिक स्थिती, उंची. हे सगळं काढा. आरक्षणाची माहिती फॉर्मच्या तिच्या रकान्यात आणि जातीच्या दाखल्यावर जाते, इथे तिचं काम नाही. मुलाचा उल्लेखही इथे नको. नाव गुणपत्रिकेवर आहे तसंच, अक्षर न बदलता. पार्टीतलं नाव वेगळं असेल तर ते लिहायची गरज नाही.

कामं उलट्या क्रमाने लावा. सर्वांत वर बचत गटांचं काम: गट किती, सदस्य किती, कोणती नोंदवही तुम्ही लिहिता, बँक कर्जाचे किती प्रस्ताव करून दिले. त्याखाली २०१३ ते २०२०. अर्ज बहुधा इंग्रजीत करावा लागेल, म्हणून शीर्षक असं ठेवा: ‘लावणी परफॉर्मर अँड ट्रूप अकाउंट्स-कीपर, संगीत बारी, धाराशिव डिस्ट्रिक्ट’. केंद्राचं नाव दिलंच पाहिजे असं नाही, जिल्हा पुरे. इंग्रजीत टाइप करताना एक खड्डा आहे. ‘बारी’तलं शेवटचं ‘आय’ सुटलं किंवा यंत्राने आपोआप दुरुस्त केलं, की ‘बार’ होतं. छापण्याआधी तो शब्द बोट ठेवून वाचा. ‘कला केंद्र’चं भाषांतर ‘आर्ट सेंटर’ करू नका. वाचणाऱ्याला चित्रांचं दालन वाटेल, आणि मुलाखतीत खरं कळल्यावर तुम्ही लपवलं असं होईल. मराठी शब्दच ठेवा आणि पुढे ‘परवानाधारक लोककला रंगमंच’ अशा अर्थाचे तीन-चार इंग्रजी शब्द जोडा. ‘सांस्कृतिक दूत’, ‘मनोरंजन क्षेत्रातील व्यावसायिक’, ‘इव्हेंट मॅनेजमेंट’ असली मोठी नावं टाळा. शब्द जितका गुळगुळीत तितका प्रश्न टोकदार येतो.

शीर्षकाखाली चार ओळी, प्रत्येकीत एक आकडा. लावणी गायन व नृत्य, सात वर्षं. अकरा सदस्यांच्या पार्टीचा रोजचा जमाखर्च आणि आठवड्याची वाटणी, चार वर्षं. सात मुलांचे शाळाप्रवेश, आणि चार महिलांची आधार नोंदणी व बँक खाती. नव्या मुलींना ताल-गाणं शिकवलं असेल तर तेही, किती जणींना आणि किती दिवस, असं. आकडा आठवत नसेल तर ती ओळ आकड्याविना ठेवा, अंदाजाने फुगवू नका. दौलतजादा, बैठका, उचल यांतलं काहीही इथे येत नाही.

आता पुरावा. तुमच्याकडे पगारपत्रक नाही आणि असणारही नाही, कारण तिथे वाटा मिळतो, पगार नाही. फॉर्ममध्ये अनुभवाला गुण किंवा अट असेल आणि दाखला मागितला असेल, तर पार्टीच्या मालकीणबाईंकडून साध्या कागदावर पाच गोष्टी लिहून घ्या: तुमचं कागदोपत्री नाव, कामाचं स्वरूप, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, त्यांची सही व तारीख, आणि त्यांचा चालू फोन नंबर. त्या तुम्हाला पार्टीतल्या नावानेच ओळखत असतील तर ‘उर्फ’ करून दोन्ही नावं हवीत, नाहीतर कागद तुमचा ठरत नाही. हिशोबाच्या वह्या असतील तर जपून ठेवा, पण त्यांच्या प्रती जोडू नका, त्यात दुसऱ्या बायकांची नावं आणि रकमा आहेत. दाखला मिळालाच नाही, तर अनुभवाच्या गुणांसाठी ती वर्षं मोजू नका. निवेदनात लिहा, तिथे दाखला लागत नाही. नोटरीकडे पैसे घालवायची घाई नको. शपथपत्र मागितलं तरच करा.

शिफारसपत्र त्या सरांकडून घेणार असाल तर आधी त्यांना तुमचं परिचयपत्र वाचायला द्या. तुम्ही चार ओळींत मांडलेलं त्यांनी ‘अंधारातून प्रकाशाकडे’ थाटात रंगवलं, तर दोन कागद दोन वेगळ्या बायकांचे वाटतील. त्यांना स्पष्ट सांगा, “सर, माझ्या अभ्यासाबद्दल आणि स्वाध्यायांबद्दल लिहा.” दुसरं पत्र बचत गटांच्या कामात तुमच्या वर असलेल्या समन्वयकांचं घ्या.

निवेदनाची सुरुवात कला केंद्राने करू नका, असं मी आग्रहाने सांगेन. सुरुवात प्रश्नाने करा. तुमच्याकडे तो आहे: फिरत्या आणि हंगामी काम करणाऱ्या बायकांची मुलं शाळेच्या पटावर येतात आणि मग गळतात, ते नेमकं कुठे अडतं? शिक्षणहक्क कायदा, २००९ चं कलम १४ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तरी तुम्हाला सातपैकी तीन मुलांसाठी जन्मदाखल्यावरून चकरा माराव्या लागल्या, असं तुम्ही लिहिलं आहे. कायदा आणि शाळेचा उंबरठा यांतलं हे अंतर तुम्ही चालून मोजलं आहे. ते लिहा. दुसऱ्या परिच्छेदात ‘हे मी धाराशिव जिल्ह्यातल्या संगीत बारीच्या पार्टीत सात वर्षं काम करताना पाहिलं’ हे एक वाक्य, कसलंही विशेषण न लावता. तिसऱ्यात बचत गट, आणि तिथली वही इथे कशी कामाला आली ते. शेवटच्यात हाच अभ्यासक्रम का, त्यातले कोणते विषय, ते संस्थेच्या पत्रकातून नावानिशी. शब्दमर्यादा दिलेली असेल तर आधी मराठीत त्याच्या दीडपट लिहा, कापा, मग इंग्रजी करा. थेट इंग्रजीत लिहायला बसलात तर तुमची भाषा जाईल आणि कुठूनतरी उचललेली वाक्यं येतील.

एक पथ्य पाळा. गोष्ट तुमची सांगा, मैत्रिणींची नको. कुणाचा आजार, कुणाचं वय, कुणाच्या मुलाचा बाप कोण, यातलं काहीही निवेदनात येता कामा नये, नाव बदलूनसुद्धा. केंद्र लहान असतं, ओळख पटते. हे पथ्य तुम्ही पाळलेलं दिसणं हीच या अभ्यासक्रमासाठी मोठी शिफारस आहे.

मुलाखतीसाठी तीन वाक्यं घरी मोठ्याने म्हणून ठेवा, आवाज कापायचा थांबेपर्यंत. “मी सात वर्षं संगीत बारीत लावणी कलावंत होते. शेवटची चार वर्षं पार्टीचा हिशोब आणि मुलांच्या शाळेचं मी बघत होते. त्यातूनच मला स्थलांतर आणि शिक्षण या विषयात काम करायचं ठरलं.” आणि थांबा. थांबणं कठीण जातं, माणूस शांततेला घाबरून जास्त बोलून जातो. पुढचा प्रश्न बहुतेक वेळा शाळेबद्दलच येईल, कारण तुमच्या तिसऱ्या वाक्याने त्यांना तिकडेच वळवलं आहे. फरक विचारला तर संगीत बारी आणि ढोलकी फड यांतला फरक दोन वाक्यांत सांगता यायला हवा.

कुणी वेडावाकडा प्रश्न विचारलाच, ‘तिथे आणखी काय चालायचं?’ अशा धर्तीचा, तर हे उत्तर पुरे: “अभ्यासाशी संबंधित भाग मी सांगितला आहे. त्याबद्दल विचारलंत तर सविस्तर सांगेन.” त्यापुढेही रोख अश्लील राहिला तर ती तक्रारीची बाब आहे. लैंगिक छळाबाबतच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१५ च्या विनियमांत, प्रवेश घेण्याच्या प्रक्रियेत असलेल्या विद्यार्थिनीलाही संरक्षण आहे. संस्थेच्या अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी जाता येतं. तारीख, वेळ आणि शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा.

वर्गातल्या मुलांना कळेल, ही तुमची भीती बरीचशी चुकीच्या जागी आहे. अर्ज प्रवेश विभाग आणि निवड समिती बघते, वर्ग नाही. खरी गळती दुसरीकडे होते. समाजकार्यात क्षेत्रकार्यासाठी विद्यार्थी बाहेरच्या संस्थांकडे जातात, तेव्हा परिचयपत्रही जाऊ शकतं. म्हणून त्यासाठी दुसरी प्रत करा. तिच्यात २०१३–२०२० समोर फक्त ‘लोककलावंत व हिशोबनीस’ पुरे. तुळजापूरबद्दल एक गोष्ट मात्र तुम्हीच तोलायची आहे: केंद्रही याच जिल्ह्यात, क्षेत्रकार्याची गावंही आसपासची. कुणीतरी ओळखणार, हे धरून चाला. प्रवेशानंतर क्षेत्रकार्य समन्वयकांशी एकांतात बोलून अमुक पट्टा नको असं सांगता येतं, कारण न देताही. तरी जीव धजत नसेल तर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या परिसरातल्या समाजकार्य महाविद्यालयांचीही चौकशी करा. मुलाची शाळा आणि राहण्याची सोय हे निकष त्या भीतीइतकेच वजनाचे धरा, थोडे जास्तच.

मुक्त विद्यापीठाच्या पदवीबद्दल तुम्ही घाबरत विचारलं आहे. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, यूजीसीने हे स्पष्ट केलेलं आहे. तुमची बारावीही झालेली आहे, त्यामुळे अडचण नाही.

अशीच पत्रं इतरांकडूनही येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. ऊसतोडीला गेलेल्या मुलामुलींनी वर्षं लिहू नयेत, हंगाम लिहावेत: ‘ऊसतोड कामगार, सहा हंगाम’. वर्षं लिहिली की कॉलेजच्या हजेरीशी ताळा बसत नाही. मुकादम दाखला देत नाही, पण ग्रामपंचायतीकडून मिळालेलं ऊसतोड कामगार ओळखपत्र असेल तर त्याची प्रत पुरते. नगरपालिकेच्या ठेकेदाराकडे सफाईचं किंवा शवागारात काम केलेल्यांनी भविष्यनिर्वाह निधीचं पासबुक ऑनलाइन काढून बघावं. ठेकेदाराने निधी भरला असेल तर त्यात आस्थापनेचं नाव आणि महिने येतात, दुसऱ्या दाखल्याची गरजच उरत नाही. बिअर बारमध्ये वेटर असणाऱ्याने ‘हॉटेलात वेटर’ लिहिलं तर ते खरंच आहे. आणि ज्यांच्या कामाच्या जागी कधी पोलिसांची धाड पडली असेल, त्यांनी ‘गुन्हा दाखल आहे का’ या प्रश्नाला उत्तर देण्याआधी कागद बघावा. नाव साक्षीदार किंवा पीडित म्हणून असेल तर तुम्ही आरोपी नाही आणि उत्तर ‘नाही’ असंच आहे. आरोपी म्हणून असेल तर लपवू नका, आधी वकिलाला कागद दाखवा. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

वेळेचं बघा. सीयूईटी-पीजीचे, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाच्या देशपातळीवरच्या सामाईक परीक्षेचे, अर्ज गेली काही वर्षं हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते. संस्थेची नोंदणी बहुधा वेगळी करावी लागते. नुसती परीक्षा देऊन थांबणारे दरवर्षी असतात. त्या वर्षीचं माहितीपत्रक पुरं वाचा. मालकीणबाईंचा कागद मात्र आत्ताच घ्या. यात्रांचा हंगाम सुरू झाला की पार्ट्या सुपाऱ्यांवर निघतात आणि सही करणारं माणूस सापडत नाही. जाताना मजकूर तुम्हीच लिहून न्या, दोन प्रती, आणि पेनही.